मॅच दिसते, पण मॅचला गेल्यासारखं वाटत नाही

पत्र (मार्च २०२१):

मी बोरिवलीचा, वय २९. आमची फुटबॉल टीम मुंबई सिटी २०१६ मध्ये नेरूळहून अंधेरीला आली तेव्हापासून घरच्या मॅचेस सहसा चुकवल्या नाहीत. शेवटची पाहिली ती गेल्या वर्षी २१ फेब्रुवारीला, चेन्नईयिनकडून १-० हरलो ती. यंदा कोविडमुळे सगळी आयएसएल (इंडियन सुपर लीग) गोव्यात आणि स्टँड रिकामे. टीम एवढी भारी खेळतेय, पण मला आतून काही होतच नाही. २८ फेब्रुवारीला आपण शील्ड (लीग टप्प्यात पहिलं येण्याचं बक्षीस) जिंकली तेव्हा मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून कांदा चिरत होतो. सोमवारी सेमीफायनलला गोव्याविरुद्ध पेनल्ट्या चालू होत्या, तर डोंबिवलीचा मित्र प्रत्येक किकचा निकाल मला दिसायच्या आधीच व्हॉट्सॲपवर टाकत होता. आता शनिवारी एटीके मोहन बागानशी फायनल. गाडी काढून गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमला जायचं, आत नाही तर नाही, बाहेर उभं राहायचं, असं आमच्यात चाललंय. जावं का? नाहीच गेलो तर घरात काय करावं?
आणखी एक. आमच्या मागच्या रांगेत एक काका बसायचे. प्रत्येक कॉर्नरला ओरडायचे, "शॉर्ट नको रे, शॉर्ट नको!" (म्हणजे जवळच्याला छोटा पास नको, थेट गोलसमोर मार). चार मोसम ऐकलं, पण नाव माहीत नाही. वर्षभर त्यांची आठवण येतेय. लोक मरताहेत आणि मी फुटबॉलसाठी रडतोय, हे बरं दिसतं का?
– बोरिवलीचा निळा

उत्तर:

फातोर्ड्याला जाऊ नका. पाचसहाशे किलोमीटर गाडी हाकून तुमच्या वाट्याला येणार काय, तर फ्लडलाइटचे खांब आणि बंद फाटक. दोन्ही संघ बायो-बबलमध्ये आहेत, बाहेरच्या कुणाशी संपर्क नाही. बस थेट आत जाते, आतून थेट हॉटेलला. रिकाम्या स्टेडियमचा आवाज रस्त्यापर्यंत येत नाही, कारण आत आवाज करणारं कुणी नसतं. म्हणजे मॅच बघायची ती मोबाइलवरच, गाडीच्या बॉनेटला टेकून, अर्ध्या मिनिटाच्या उशिराने. त्यापेक्षा बोरिवली बरी.

आता कांद्याबद्दल. शील्ड जिंकताना काही वाटलं नाही, याचा अर्थ प्रेम आटलं असा घेऊ नका. अंधेरीला मॅच असायची तेव्हा तुम्ही घरातून किती वाजता निघत होता ते आठवा. साडेसातच्या मॅचला साडेपाच-पावणेसहाला निघत असाल. लोकल, मग अंधेरीहून मेट्रोचं एकच स्टेशन आझादनगर, किंवा थेट चालत. फाटकावरची तपासणी, जिना, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरून एकदम समोर येणारं ते हिरवंगार मैदान. ऑफिसमधला माणूस मॅचमधला व्हायला हे दीडदोन तास लागायचे. यंदा तुम्ही ७:२५ ला लॅपटॉपवरची एक खिडकी बंद करता आणि ७:३० ला त्याच लॅपटॉपवर दुसरी उघडता. मधला रस्ताच गेला. टीव्हीने मॅच दिली, पण रस्ता तुमचा तुम्हालाच आणावा लागेल. शनिवारची सगळी तयारी त्यासाठी करा, टीव्हीची नंतर बघू.

सहा वाजता जर्सी घाला. सव्वासहाला मास्क लावून घराबाहेर पडा आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावरची एखादी वडापावची गाडी ठरवून चालत जा. रिक्षा नको, स्कूटर नको. टीम मॅचच्या साधारण तासभर आधी जाहीर होते, म्हणजे साडेसहाला तुम्ही रस्त्यात असाल. यादी तिथेच उघडा आणि गाडीशेजारी उभं राहून मित्राला फोन लावा. पुढच्या फळीत ओगबेचे सुरुवातीपासून की ले फॉन्ड्रे, यावर वाद घालायची जागा तीच आहे, घरचा सोफा नव्हे. वडापाव तिथेच खा, पार्सल आणू नका. अंधेरीलाही मॅचच्या आधी बाहेर उभ्यानेच खात होता ना? एकदा का ताट हातात घेऊन टीव्हीसमोर बसलात की फायनल असो की मालिका, हात आपोआप भाजीकडेच जातो. सात-सव्वासातला घरात या, चेहरा धुवा. ओट्याकडे फिरकू नका.

आता तुमच्या सोमवारच्या दुखण्याकडे वळू. हे दुखणं यंत्राचं आहे आणि बरं होण्यासारखं आहे.

मित्राकडे केबल किंवा डीटीएच असणार आणि तुम्ही ॲपवर. डीटीएचवरचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं. ॲप त्याच्याही मागे, बहुतेक वेळा वीस ते चाळीस सेकंद, नेट लडखडलं तर मिनिटभरही. कारण असं की ॲपवर चित्र सलग येत नाही, लहान लहान तुकड्यांत येतं, आणि मध्येच अडकू नये म्हणून ॲप काही तुकडे हातचे राखून मगच दाखवायला लागतं. एरवी हा फरक जाणवत नाही. पण पेनल्टी शूटआउटमध्ये एका किकपासून दुसरी किक साधारण तेवढ्याच अंतरावर असते. म्हणजे तुमचा मित्र तुमच्यापेक्षा बरोबर एक किक पुढे होता. गोव्याविरुद्ध ६-५ पर्यंत गेलेलं शूटआउट तुम्ही अख्खं उत्तरपत्रिका हातात धरून पाहिलंत. त्याचा दोष नाही, त्याला वाटलं तुम्हीही तेच बघताय.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फायनलपुरतं सगळ्यांनी डीटीएच किंवा केबलवर जाणं. तरी दोन-चार सेकंदांचा फरक राहतो, एकाच चॅनलच्या एचडी आणि साध्या प्रक्षेपणातही राहू शकतो, पण तेवढा चालतो. ते जमत नसेल तर सगळ्यांनी ॲपवर या. मिसळ मात्र नको. ॲपवरही प्रत्येकाचा उशीर वेगळा असतो, तो असा जुळवा: खेळ सुरू झाला की एकाने कॉलवर पडद्यावरचं घड्याळ मोठ्याने वाचायचं, "एक मिनिट दहा... आता!" बाकीच्यांनी त्या क्षणी आपल्या पडद्यावर किती वाजलेत ते सांगायचं. जो सर्वांत मागे, तो प्रमाण. जे पुढे असतील त्यांनी तेवढे सेकंद चित्र थांबवून पुन्हा सुरू करायचं. मग पडद्यावरच्या 'लाइव्ह' बटणाला हात लावायचा नाही, लावलात की ॲप उडी मारून पुढे जातं आणि सगळी मेहनत वाया जाते. हाफटाइमनंतर पुन्हा एकदा जुळवा, कारण पहिल्या पंचेचाळीस मिनिटांत कुणाचं ना कुणाचं नेट अडकलेलं असतंच. डीटीएचवाल्याला चित्र थांबवता येत नाही, रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स असला तरच येतं. म्हणून म्हटलं, मिसळ नको.

फोनवरच्या स्कोअर ॲपची गोल-सूचना बंद करा. ती ॲपवरच्या चित्राच्या बऱ्याच आधी टिंग करते. व्हॉट्सॲपचे ग्रुप ७:२५ ला म्यूट. सर्वांत उत्तम म्हणजे फोन दुसऱ्या खोलीत आणि कॉल लॅपटॉपवर.

कॉल कशावर? झूमचा फुकटातला ग्रुप कॉल चाळीस मिनिटांत तुटतो आणि फुटबॉलचा हाफ पंचेचाळीसचा. नेमका हाफटाइमच्या तोंडावर, गोल पडायची वेळ आली की पडदा काळा. गूगल मीटवर सध्या (मार्च २०२१) ही अडचण नाही. व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलही चालतो, पण तुम्ही चार-पाचच राहा. जास्त माणसं झाली की कॉल एकाचाच आवाज पुढे करतो आणि बाकीच्यांचं ओरडणं गिळतो.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे प्रतिध्वनी. तुमच्या टीव्हीचा आवाज तुमच्या माइकमधून मित्राकडे जातो, त्याचा तुमच्याकडे येतो, आणि दोघांनाही समालोचन दोनदा ऐकू येतं. माइक म्यूट करणं हा उपाय नव्हे, कारण गोलच्या वेळी अनम्यूटचं बटण शोधणारा माणूस ओरडत नाही. वायरवाला इअरफोन घ्या, त्याचा माइक ओठांजवळ असतो, आणि एक कान मोकळा ठेवून टीव्ही हळू आवाजात लावा. दुसरी गोष्ट म्हणजे ही कॉलची ॲप टाळ्यांना आणि डबा बडवण्याला 'गडबड' समजून गाळून टाकतात. लॅपटॉपवरच्या झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करता येतो, मग टाळ्या पोहोचतात. पैसे भरलेलं झूम कुणाकडे असेल तर म्हणूनच तेच वापरा. चित्र अडकायला लागलं तर कॉलचे कॅमेरे बंद करा, आवाज पुरतो. मित्राचं तोंड स्टँडमध्ये तरी कुठे बघत होता?

दोघांनी एकत्र बघायचं असेल तर लोकलचं गणित आधी मांडा. कोविडच्या निर्बंधांमुळे सर्वसामान्यांना सध्या (मार्च २०२१) सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतरच प्रवास करता येतो. म्हणजे डोंबिवलीकराला चारच्या आत गाडीत बसावं लागेल, परतीची मात्र चिंता नाही. अडीच-तीनला येऊ द्या त्याला, वडापावच्या फेरीला तोही होईल. पण एकच जण, आणि घरात कुणी वयस्कर किंवा आजारी असेल तर तोही नको. कोविडचे आकडे पुन्हा चढताहेत. खिडक्या उघड्या, पंखा चालू, दोघांच्या तोंडावर मास्क. सोसायटीच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावायची कल्पना कुणीतरी काढेलच, तिला तिथल्या तिथे मोडता घाला. पाचापेक्षा जास्त रुग्ण सापडले की महापालिका सध्या (मार्च २०२१) इमारत सील करतेय. एका फायनलपायी अख्ख्या बिल्डिंगचा रोष घेऊन पुढची दहा वर्षं त्याच लिफ्टने जा-ये करायची आहे तुम्हाला.

आता टीव्ही. बत्तीस इंचाचा पडदा दहा फुटांवरून बघणं म्हणजे शेवटच्या रांगेतलं तिकीट. पाच-सहा फुटांवर या. खोलीतली ट्यूब बंद करा, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा पुरे. स्टेडियममध्येही उजेड मैदानावर असतो आणि तुम्ही अंधारात असता, नजर बांधली जाते ती त्यामुळे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा जो प्रकार असतो तो बंद करा. 'स्पोर्ट्स' मोडमध्ये तो बहुधा आपोआप चालू होतो, आणि मग लांब पासवर चेंडूला शेपटी फुटते किंवा चेंडू हवेत दिसेनासाच होतो.

आणि आवाज. प्रक्षेपणातला प्रेक्षकांचा गोंगाट वरून मिसळलेला असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. तो खोटा का वाटतो, ते सांगतो. खरा स्टँड गोल झाल्यावर ओरडतो, पण त्याच्या आधी श्वास घेतो. आपला विंगर बिपिन डावीकडे मोकळा सुटला की पास निघायच्या आत चारपाच हजार माणसं जागची अर्धी उठतात, आणि तो 'अं...' असा चढत जाणारा आवाज तुम्हाला सांगतो, आता बघ. कंट्रोल रूममधला माणूस घटना बघून मग बटण दाबतो. त्याचा आवाज नेहमी मागून येतो, वऱ्हाड निघून गेल्यावर बँड वाजावा तसा. म्हणून टीव्हीवरचा आवाज अर्ध्यावर आणा आणि तो श्वास कॉलवरच्या मित्रांकडून येऊ द्या. सगळी जुळवाजुळव त्याच एका गोष्टीसाठी होती.

उभे राहा. नव्वद मिनिटं नाही झेपलं तर चेंडू समोरच्या संघाच्या गोलकडच्या एक तृतीयांश मैदानात आला की उभं राहायचं, एवढं तरी पाळा. मॅच थांबवायची नाही, मागे न्यायची नाही (जुळवणीपुरती सोडून). स्टँडमध्ये शेंगदाणे घेताना चुकलेला गोल चुकलेलाच असायचा, म्हणून तर नजर हटत नव्हती. मागे नेता येतं हे कळलं की डोळे आळशी होतात, आणि माणूस कांदा चिरायला लागतो.

कॅमेरा चेंडूमागे धावतो, स्टँडमधला डोळा नाही. ती सवय थोडी परत आणता येते. दहा मिनिटं फक्त मधल्या फळीतल्या जाहूवर नजर ठेवा. तो खाली बचावातल्या फॉल आणि हर्नानच्या मध्ये उतरून चेंडू मागतो, आणि चेंडू मिळायच्या आधी मान वळवून दूरची बाजू बघून ठेवतो. ती मान ज्या बाजूला वळते, तिकडे पुढच्या दोन पासांत काहीतरी घडतं. मग दहा मिनिटं डाव्या बचावपटूवर. टीव्हीने चौकटीबाहेर टाकलेली मॅच अशी थोडी थोडी हाती लागते. फ्री किक मिळाली की मात्र फॉल कुठे उभा आहे ते बघा. २८ फेब्रुवारीला मोहन बागानविरुद्धच सातव्याच मिनिटाला त्याने डोक्याने गोल केलाय, तेव्हा शनिवारी ते त्याला दोन माणसं लावतील.

हाफटाइमला पंधरा मिनिटं टीव्हीचा आवाज बंद. स्टुडिओतली चर्चा तुम्ही अंधेरीला कधी ऐकली होती का? पाणी प्या, पायऱ्या उतरून खाली जाऊन या.

वेळेचा अंदाज असा: ९:२०-९:२५ पर्यंत नव्वद मिनिटं संपतील. बरोबरी राहिली तर एक्स्ट्रा टाइम धरून दहा वाजतील आणि पेनल्ट्या दहानंतर. दहानंतर वाजवणं कायद्यात बसत नाही, म्हणून डबा आधीच बाजूला ठेवा आणि खिडक्या लावून घ्या. घरात दुसरं कुणी आलेलं असेल तर खिडकी उघडी आणि तोंड बंद. नाशिक ढोल वन बीएचकेत कोणत्याच वेळी नको. सेक्रेटरी साहेबांना फुटबॉल कळत नाही, ढोल कळतो.

मॅच संपली की ट्विटर उघडू नका, चपला घाला. मास्क लावून खाली उतरा आणि मित्राला फोन लावून वीस मिनिटं चाला, स्टेशनपर्यंत चालत होता तेवढी. जिंकलात तर हे आपोआप होईल. हरलात तर जास्त गरज लागेल, कारण हरलेली मॅच पूर्वी आझादनगरपासून बोरिवलीपर्यंत हळूहळू विरघळायची. घरात ती टीव्ही बंद केल्याबरोबर छातीवर येऊन बसते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. लोक मरताहेत आणि फुटबॉलसाठी रडणं बरं दिसतं का? पत्र पुन्हा वाचा. चेन्नईयिनविरुद्धच्या पराभवावर तुम्ही अर्धं वाक्य लिहिलंय आणि काकांवर चार. चार मोसम दर पंधरवड्याला भेटणारा माणूस एका रात्रीत दिसेनासा झाला, त्याचं नावही नाही की विचारपूस करावी. याला बरं दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न लागू होत नाही. त्यांना शोधा.

वेस्ट कोस्ट ब्रिगेड या मुंबई सिटीच्या पाठीराख्यांच्या गटातल्या लोकांना किंवा तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही नियमित प्रेक्षकाला संदेश पाठवा. त्यात तीनच गोष्टी: कोणता स्टँड, साधारण कितवी रांग, आणि "शॉर्ट नको रे, शॉर्ट नको". वर्णन लागणारच नाही, ते वाक्य पुरेल. जुन्या मॅचच्या फोटोत ते दिसत असले तरी तो फोटो चारचौघांत फिरवू नका. कुणी ओळखलं तर नंबर मागू नका, तुमचा नंबर त्यांच्यापर्यंत पोहोचवा, वाटलं तर तेच फोन करतील. वर्ष वाईट गेलंय, त्यामुळे उत्तर नकोसंही येऊ शकतं. तरी विचारा. शनिवारच्या आत जमलं नाही तर नंतर विचारा.

आणि शनिवारपर्यंत सापडलेच, तर त्यांना कॉलवर घ्या. ते बहुधा केबलवर बघत असतील आणि ॲपवर यायला तयार होणार नाहीत. वर इतकं सांगितलं, पण त्यांच्याशी घड्याळ जुळवत बसू नका. तुमच्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेजवळ घुटमळत असेल आणि कानात अचानक "शॉर्ट नको रे, शॉर्ट नको!" येईल. म्हणजे अर्ध्या मिनिटात कॉर्नर आहे, उभे राहा.